सुविचार, बॅकअप आणि प्रेसची जाळी

थोरला : या कारखान्यात आजवर एकही गोष्ट फेल गेलेली नाही. एकही! वडिलांच्या माघारी मी हे व्रतासारखं पाळलंय.

दुरुस्तीवाली : कालचा बॅकअप फेल आहे, साहेब. परवाचाही. त्याच्या आधीचाही. मागे मागे जातेय, अजून पास झालेला एकही सापडला नाही.

धाकटा : ऐकलंस? आता काढ तुझा तो मेल. कुठून काढतोस बघू!

थोरला : तू सर्व्हरच्या टाळक्यात पाना घातलास म्हणून ही वेळ आली, बारक्या. त्या मुक्या यंत्रानं तुझं काय घोडं मारलं होतं?

धाकटा : पाना तुझ्याच टाळक्यात घालायचा होता. तू वाकलास. त्यात डावा हात, नेम कसा बसणार? उजव्याची दोन बोटं तुझ्या प्रेसनं खाल्ली.

(कारखान्याच्या माडीवरची सर्व्हरची खोली. चेपलेला सर्व्हर, फुटकी काच. थोरल्याच्या कपाळावरून रक्त ओघळतंय, धाकट्याच्या उजव्या हाताला बँडेज. दुरुस्तीवाली लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसलीय. खालच्या यंत्रांनी जमीन अधूनमधून हादरते.)

थोरला : मी तुला बजावलं होतं. ‘प्रेसची संरक्षक जाळी निखळली आहे. ती बसेपर्यंत प्रेसला हात लावू नये.’ मेलमध्ये इतकं स्वच्छ लिहिलं होतं!

धाकटा : थापा मारतोस. सगळ्या कामगारांदेखत म्हणालास, ‘सांगूनसुद्धा यानं हात घातला.’ आईलाही तेच पढवलंस. ती आता माझ्या हाताकडे बघते आणि मलाच बोल लावते! बाई, तो मेल निघाला तर खाली सगळ्यांसमोर याचे पाय धरीन. नाही निघाला, तर हा आहे आणि हा पाना आहे.

दुरुस्तीवाली : एक विचारू? तुमची टेबलं कुठं असतात?

धाकटा : एकाच खोलीत. समोरासमोर.

दुरुस्तीवाली : मग तोंडानं सांगितलं असतं तर?

थोरला : तोंडी सांगितलेलं उद्या कोण कबूल करतो, बाई? महत्त्वाची गोष्ट लेखीच हवी.

धाकटा : लेखी! थांब, तुझ्या कवटीवरच लिहितो—

थोरला : गळा सोड! सोड म्हणतो, नालायका! अरे, श्वास—

दुरुस्तीवाली : भांडा, पण वायरीवरचा पाय काढा. आणि साहेब, रक्त त्या बाजूला गळू द्या. कीबोर्डची बटणं चिकटतात.

धाकटा : बघितलंत? चावला! सख्खा भाऊ, पन्नाशीचा, चावला मला!

दुरुस्तीवाली : हं, कारण सापडलं. बॅकअपची डिस्क काठोकाठ भरलीय, म्हणून रोज फेल. आता कशानं भरली ते... सूर्योदय. परत सूर्योदय. गरुड. डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा माणूस. ‘जो पडतो, तोच उठतो.’ हे काय आहे?

थोरला : माझा रोजचा सुविचार. सगळ्या स्टाफला सकाळी पाठवतो. मनोबल टिकतं.

दुरुस्तीवाली : एकेक फोटो भिंतीवर चिकटवण्याएवढा. प्रत्येकाच्या मेलपेटीत त्याची एक प्रत, आणि प्रत्येक प्रतीचा बॅकअप.

धाकटा : मनोबलाला जुलाब झाले म्हणायचे.

थोरला : पण मग मला कुणी कळवलं का नाही?

दुरुस्तीवाली : यंत्र कळवत होतं, रोज, तुमच्याच पत्त्यावर. पण तुम्ही नियम लावून घेतलाय. ‘फेल’ शब्द असलेला मेल न दाखवता थेट कचरापेटीत.

थोरला : मग? सकाळी सकाळी असलं अशुभ कोण वाचणार?

धाकटा : हा हा हा! व्रतासारखं पाळलंय म्हणे!

थोरला : दात काढतोस? घे! दात काढतोस मला?

धाकटा : आई गं—

दुरुस्तीवाली : ते कपाट माझ्या अंगावर येतंय, जरा धरा. थँक्यू. आणि हा बघा, एक पास झालेला. अपघाताच्या आधीच्या आठवड्यातला.

थोरला : माझा मेल त्याच्याही आधीचा आहे! उघडा, उघडा!

दुरुस्तीवाली : तुमचे पाठवलेले मेल... आहे. ‘विषय : प्रेसची जाळी.’

थोरला : आता बोल, गाढवा! धर पाय!

धाकटा : मला... मला नाही मिळाला रे, दादा. आईशप्पथ.

थोरला : अजून खोटं? पुराव्यादेखत? थोबाड फोडून हातात देईन!

धाकटा : हात सोड, दादा! तो नको, टाके आहेत—

दुरुस्तीवाली : सोडा त्यांना, साहेब. खरं बोलताहेत. मेल त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांची पेटी भरली होती.

धाकटा : कशानं?

दुरुस्तीवाली : सूर्योदय.

थोरला : उडवता येत नव्हते तुला?

धाकटा : उडवले असते, तर म्हणाला असतास, थोरल्या भावाची किंमत नाही. ठेवले सगळे.

थोरला : पण मेल पोचला नाही, तर पाठवणाऱ्याला कळायला नको?

दुरुस्तीवाली : कळवलंय, लगेच. ‘मेल पोचवणं फेल.’

थोरला : कुठाय?

दुरुस्तीवाली : कचरापेटीत.

(धाकटा टाके पडलेला हात छातीशी धरतो.)

थोरला : बारक्या. फार दुखतंय का रे?

धाकटा : तू दाबलंस तिथं.

थोरला : बस इथं. पाना दे इकडे. आईला मी सांगतो काय ते. तोंडानं सांगतो. बाई, तो नियम आत्ताच्या आत्ता काढा. सुविचारही बंद. उद्या फक्त एक शेवटचा पाठवीन, चुकांमधून शिकण्याबद्दल. फोटो लहान लावतो.

दुरुस्तीवाली : सर्व्हर नवा आणावा लागेल. आणि तो या खोलीत नको, जमीन फार हादरते. खाली काय चालू आहे?

धाकटा : प्रेस.

दुरुस्तीवाली : मग जाळी बसवली असेल.

थोरला : मेंटेनन्सला लेखी कळवलंय, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी.

दुरुस्तीवाली : मेंटेनन्सची पेटीही भरलेली आहे, साहेब.