ऑफसाइडला पकडलेली नात

जबाब देणारीचे नाव : इस्त्रीवाली आजी. कागदावरचे नाव वेगळे आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळून बघत नाही.
वय : सत्तरीच्या पुढे.
शिक्षण : दुसरी, तीही अर्धी.
धंदा : कपड्यांना इस्त्री करणे.
राहणार : बसथांब्यामागची इमारत, जिन्याखालची खोली.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा, सून आणि नात यांच्यासह राहते. मुलगा आणि सून आत्ता कामावर आहेत. नातीला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहून दूधसुद्धा पीत नाही. ती देशाच्या मुलींच्या फुटबॉल संघात आहे. सध्या परदेशात सतरा वर्षांखालच्या मुलींची जगाची स्पर्धा चालू आहे, तिथे ती गेली आहे. देशाचा संघ म्हणजे गल्लीचा नव्हे, हे हवालदारांनी ठळक लिहावे. (ठळक लिहिले आहे.)

सामना मी बघत नाही. मागे एकदा बघितला तेव्हा एका धिप्पाड पोरीने भिंगरीला आडवी पाडली आणि मी टीव्हीला चप्पल फेकून मारली. तेव्हापासून आमचा टीव्ही भिंतीपलीकडच्या शिंपीभाऊंकडे असतो. ते बघतात आणि मला ओरडून सांगतात.

आज दुपारी मी शिंपीभाऊंच्याच गिऱ्हाइकाच्या पँटला इस्त्री करत असताना ते ओरडले, "आजी, भिंगरीला पकडलं हो!"

मी म्हटलं, "कुणी रे?"

"झेंडेवालीने! ऑफसाइडला! पास वेळेवर मिळाला नाही ना!"

"अगं बाई! मग?"

"मग काय, ही दुसरी खेप. आणखी एकदा सापडली तर प्रशिक्षक बाई बाहेरच काढतील तिला!"

झेंडा घेऊन उभे राहणारे माणूस मला एकच माहीत आहे, ते म्हणजे रेल्वेचा गार्ड. हल्ली बायकाही गार्ड असतात. त्यात पास नाही म्हटल्यावर काय ते समजले. ऑफसाइड हे तिकडचे स्टेशन असावे. शिंपीभाऊ टीव्हीवर बघून सांगत होते हे खरे, पण आजकाल कुणाला पकडले की टीव्हीवर लगेच दाखवतातच. सामना सुरू झाला असेल असे माझ्या मनातही आले नाही, कारण ही पोरगी आजवर कुठेच वेळेवर पोहोचलेली नाही.

तिचा बसचा पास घरीच राहिला होता. तो कपाटातून काढला. स्वेटर, फणी आणि टॉवेल पिशवीत घातला, कोठडीत गारठा असतो. इस्त्री बंद केली आणि तडक इथे आले. इस्त्री बंद केली हे लिहून घ्यावे.

मी आले तेव्हा हवालदार टेबलाखाली हात घालून, मान खाली घालून बसले होते. मी विचारले, "बाळा, पोट दुखतंय का?" ते दचकले. मी पास टेबलावर ठेवला आणि म्हटले, "मुदत संपलेली नाही. पोरीला सोडायला सांगा."

"कुठे पकडलंय?"

"ऑफसाइडला. कुणाच्या हद्दीत येतं ते तुम्हीच बघा."

हवालदारांनी टेबलाखालून मोबाईल वर काढला. त्यात हिरवे मैदान होते. "आजी, ही सात नंबरवाली तुमची कोण?"

"नात."

हवालदारांनी उठून स्वतःची खुर्ची मला दिली. मग शिक्के मांडून समजावले, "हे शिक्के म्हणजे समोरच्या संघातल्या मुली. आपल्या मुलीने पास सुटायच्या आधीच यांच्या पुढे जाऊन उभं राहायचं नाही. राहिली की कडेच्या रेषेवरच्या पंचबाईंचा झेंडा वर."

मी म्हटलं, "पुढे गेली हा गुन्हा? जन्मल्यापासून आम्ही तिला पुढे जा, पुढे जा म्हणतोय. मग आम्हालाही आत घ्या!" आणि झेंडेवालीविरुद्ध तक्रार लिहून घ्यायला लावली. हाच तो जबाब.

मी झेंडेवालीचे वर्णन सांगत असताना हवालदारांची लेखणी थांबली. "आजी, पास येतोय!" मी डोळे घट्ट मिटले आणि टेबलावरचा पास मुठीत धरला. "वेळेवर आला! सुटली! आजी, सुटली!"

कोठडीतून एकाने विचारले, "कोण सुटलं?"

"यांची नात!"

"जामिनावर का?"

तेवढ्यात हवालदार असे किंचाळले की साहेब खोलीतून बाहेर आले. "ठाणं आहे की बाजार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बसला का गोल?"

"बसला, साहेब."

"कुणी मारला?"

हवालदारांनी माझ्याकडे बोट केले. साहेबांनी मला स्वतः पाणी आणून दिले.

मी डोळे उघडले तर मोबाईलमध्ये भिंगरीच्या अंगावर सगळ्या पोरी पडलेल्या. माझा हात चपलेकडे गेला. हवालदारांनी तो धरला आणि म्हणाले, "आजी, आपल्याच आहेत त्या. आनंदाने पडल्यात."

या खेपेला झेंडेवालीने हात खाली ठेवला, याची मी चार लोकांना विचारून खात्री करून घेतली आहे. त्यामुळे तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार राहिलेली नाही. तिचे वर्णन करताना मी जे बोलले ते हवालदारांनी लिहिलेच नव्हते, बरे झाले. सामना अजून बाकी असल्याने जबाब इथे थांबवत आहोत.

वरचे सगळे हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. कोठडीतल्या माणसाच्या आग्रहावरून गोलाचा भाग दोनदा वाचला. मी बोलले तसेच लिहिले आहे. दुरुस्ती एकच : शिंपीभाऊ आत्ता ती दुपारची पँट तोंडासमोर नाचवत ठाण्यात आले आहेत, आणि तिला पडलेल्या इस्त्रीएवढ्या भोकातून त्यांचे हसणारे तोंड दिसते आहे. तरी 'इस्त्री बंद केली' हे वाक्य खोडावे. बाकी सर्व खरे आहे. सही करून चप्पल हवालदारांकडे जमा केली आहे.