परसातले जंत

थोरली : कुणाची शी नेलीस म्हणालीस?

धाकटी : तुमच्या कोंबड्यांची. डबीत घातली, झाकण लावलं आणि गुरांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

थोरली : मला न विचारता?

धाकटी : ताई, शीच होती. दागिना नव्हता.

थोरली : माझ्या खुराड्याखालची ना? मग माझीच. सख्खी जाऊ चोरी करते, आणि तीही कसली!

धाकटी : बरं, केली चोरी. आता डॉक्टर काय म्हणाले ते ऐकणार का? जंत आहेत. भरपूर. माझ्या कोंबड्यांत निघाले तसलेच.

थोरली : माझ्या कोंबड्यांना? जंत घाणीत होतात. मी रोज झाडते, राख टाकते. तुझं खुराडं बघ आधी.

धाकटी : तेच बघत आलेय. सहा होत्या, तीन उरल्या. दोनदा औषध पाजलं, भुसा बदलला, भांडी उकळत्या पाण्याने धुतली. पाजलं की तुरा लाल होतो, चार दिवस उड्या मारतात आणि मग पुन्हा माना टाकतात. मी वेड्यासारखी औषधवाल्याला शिव्या घालत होते. औषध खोटं नव्हतं, ताई. परस एक, उकिरडा एक. तुमच्या हगतात, माझ्या टिपतात.

थोरली : तोंड सांभाळ.

धाकटी : मग काय, अत्तर शिंपडतात म्हणू?

थोरली : तुझ्या बांधून ठेव.

धाकटी : मध्ये जाळी घालू म्हटलं तेव्हा तुम्हीच आडव्या आलात. लोक म्हणतील भाऊ वेगळे झाले!

थोरली : म्हणतीलच.

धाकटी : आणि इकडे हे म्हणतात, आता एक जरी मेली तर खुराडं मोडून जाळीन. बोलले की करतात ते. शिवणकाम करून घेतलेल्या कोंबड्या आहेत त्या. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. बाकी चमचासुद्धा तुम्हाला विचारून उचलते मी.

थोरली : औषध पाजलं की अंडी फेकायची ना?

धाकटी : हो. डॉक्टर सांगतील तितके दिवस.

थोरली : मग मामंजींचं काय? सकाळी माझ्या कोंबडीचं अंडं नसलं तर घास उतरत नाही त्यांना. म्हाताऱ्या माणसाला उपाशी मारू?

धाकटी : दुकानातून आणू.

थोरली : दुकानातलं ते ओळखतात. थुंकून टाकतात.

धाकटी : ते काय, ओट्यावरच बसलेत. मामंजी! ओ मामंजी! दुकानातलं अंडं चालेल का तुम्हाला?

सासरे : अंडं? नको गं बाई. वीट आलाय मला अंड्याचा. थोरली डोळे वटारते म्हणून गिळतो.

धाकटी : ऐकलंत?

थोरली : त्यांना कमी ऐकू येतं.

धाकटी : बोलता तर नीट येतं ना!

थोरली : तुला काय जातंय बोलायला. अर्धी गल्ली माझ्याकडून अंडी नेते. जंत म्हटल्यावर कोण हात लावेल? डॉक्टरला माझं नाव सांगितलंस?

धाकटी : त्यांनी कोंबडीचं आडनाव विचारलं नाही.

थोरली : आणखी कोण होतं तिथे?

धाकटी : एक बकरी होती.

थोरली : चेष्टा सुचतेय तुला. माझ्या दारात कधी काडी पडलेली दिसली नाही कुणाला. आणि आता हे.

धाकटी : अहो, तो काय डाग आहे का अब्रूवरचा? मातीत असतं ते. चोच मारली की पोटात. सोन्याचं खुराडं बांधा, तरी जाईल. सगळ्यांना एकाच दिवशी पाजायचं, मग डॉक्टर सांगतील तेव्हा परत एकदा. नाहीतर मी जन्मभर पाजत बसेन आणि तुमच्या कोंबड्या जन्मभर परस भरत बसतील.

थोरली : माझ्या ठणठणीत आहेत. मी पाजणार नाही. संपला विषय.

सासरे : थोरले, त्या पांढरीला जरा खोल पुरायला हवं होतंस. कुत्रं उकरतंय बघ तिथे.

(धाकटी उकरलेल्या मातीकडे बघते.)

धाकटी : पांढरी तर तुम्ही बहिणीला दिली म्हणालात.

थोरली : कुत्र्याला हाकल आधी.

धाकटी : कधी गेली, ताई?

थोरली : परवा. ओरडू नकोस. सकाळी दार उघडलं तर कोपऱ्यात पडलेली. उचलली तर नुसती पिसं हाताला लागली. ओंजळभर दाणे खायची गं, माझ्यादेखत. ते सगळं गेलं कुठे?

धाकटी : जंतांच्या पोटात गेलं! हे माहीत असून तुम्ही मला चोर ठरवताय? माझ्या तीन मेल्या तेव्हा पोस्टमनच्या बायकोला काय सांगितलंत? हिच्या हाताला गुण नाही. मोरीत बसून रडले मी.

थोरली : म्हणाले असेन.

धाकटी : असेन नाही. म्हणालात.

थोरली : बरं बाई, म्हणाले! आता काय पाया पडू तुझ्या?

धाकटी : पाया नको. कोंबड्या धरा. दिवेलागणीला सगळ्या आत बसल्या की एकीने धरायची, एकीने चोच उघडून पाजायचं. एकटीला जमत नाही. दोनदा चोची खाल्ल्यात मी.

थोरली : पाण्यात घालून ठेवलं तर?

धाकटी : जी आजारी असते ती पाणीच पीत नाही.

थोरली : मग कुंपणावर चादर वाळत घाल. ती पोस्टमनची बायको सारखी डोकावते.

धाकटी : डोकावू दे. तिच्याही कोंबड्या इथेच येतात चरायला. तिलाही सांगावं लागणार आहे.

थोरली : ते तू सांग. माझी जीभ नाही वळणार.

धाकटी : सांगेन. डॉक्टरांकडून औषध घेऊन येते. तोवर तुम्ही तुमच्या मोजून आत घाला.

थोरली : धाकटे.

धाकटी : आता काय?

थोरली : काळीला आधी पाज. कालपासून माझ्या हातचा दाणा घेत नाही ती.