साडेसहाचा भोंगा

कांता : घेऊन जा काका ही पेटी, तुमच्या भजनी मंडळाला. उद्या बाबांची तेरवी. आज संध्याकाळच्या भजनात मी काही गाणार नाही.

चंद्रभान : काऊन वं? किसनरावची पोरगी घरात असून भजनाले दुसरा आनाव का आमी?

देवकाबाई : दहा दिवसांपासून हेच म्हनून राह्यली. बापावर रुसून आहे. आता बापच नाई, तं कोनाले दाखवते रुसवा?

कांता : आई, तुला माहीत आहे. अठ्ठ्याहत्तर साली नागपूरच्या रेडिओवर माझं पहिलं गाणं लागलं. पेटी बाबांनीच शिकवली, रोज पहाटे उठवून. त्या दिवशी सारी गल्ली आपल्या ओट्यावर रेडिओपाशी बसली होती. एक बाबा नव्हते. नगरपरिषदेचा भोंगा वाजवायला गेले. घरी आल्यावर विचारलं, ऐकलं का? तर म्हणाले, ‘ड्युटीवर होतो.’ आठ वर्षं झाली, मला ते खुपतं.

चंद्रभान : बावीस वर्षं साडेसहाचा भोंगा वाजवला त्यायनं. लोकं घड्याळ लावत त्याच्यावर. आमच्या कबड्डीच्या पोट्ट्यायले त्यायनंच शिकवलं, अन् कायदाही त्यायचाच. मैदानात कोनाजवळ घड्याळ नोतं, म्हनून भोंगा वाजला का म्याच खतम.

कांता : तेच म्हणते मी. कबड्डीला वेळ होता, भोंग्याला होता.

चंद्रभान : ऐक तं. त्याच दिवशी आमची आर्वीवाल्यायसंगं फायनल होती.

देवकाबाई : हरले होते न तुमी? ह्यायले खोलीतच झोप लागली, भोंगा उशिरा वाजला. गावभर हासले लोकं.

चंद्रभान : झोप नोती लागली, वहिनी. आमी दोन पॉइंटानं पुढं होतो. मी कप्तान, पन बाद होऊन बाहेर बसलो होतो. साडेसहा होऊन गेले, अंधारून आलं, अन् भोंगा काही वाजे ना. आर्वीचा एक पोट्टा आला अन् आमचे तिघं घेऊन गेला. माहं टाळकं सरकलं. तसाच चड्डीवर पळत गेलो नगरपरिषदेत, शिव्या द्याले.

कांता : मग?

चंद्रभान : थे भोंग्याच्या खोलीत उभे. एक हात खटक्यावर. दुसऱ्या हातानं चौकीदाराचा ट्रान्झिस्टर कानाले लावलेला. तू गाऊन राह्यली होती. मी खटका दाबाले गेलो, तं माहा हात धरला अन् म्हने, ‘चंद्रभान, शेवटचं कडवं आहे. भोंगा वाजला तं गावात कोनालेच ऐकू येनार नाई.’ डोळ्यात पानी होतं त्यायच्या. कबड्डीत त्यायचा हात मोडला तवाबी मी पाह्यलं नोतं. गानं संपल्यावर रेडिओवरच्या बाईनं तुहं नाव सांगतलं, तवा कुठं खटका दाबला. सात मिन्टं उशीर.

(कांता चंद्रभानच्या हातातल्या पेटीवर हात ठेवते.)

कांता : मला का नाही सांगितलं?

चंद्रभान : पोट्टे म्हनले असते, कांताच्या गान्यापायी फायनल गेली. बाजारात जानं मुश्कील केलं असतं तुहं. म्हनून सायबाले लिहून देल्लं, झोप लागली होती. मेमो घेतला. मले तुही शपथ घातली. मी चार महिने बोललो नाई त्यायच्यासंगं. फायनल माहीबी होती न.

देवकाबाई : दिवसा कधी आडवा झाला नाई थो मानूस. मले तवाच समजाले पाह्यजे होतं.

कांता : पेटी खाली ठेवा, काका.

चंद्रभान : गाशीन? मंग लहानूले सांगून येतो. आता भोंग्यावर थोच आहे. तुहं होईस्तोवर थांबव म्हनतो.

कांता : नको. टाइमावर वाजवायला सांगा, मी थांबते. बाबांचा तो एकच उशीर राहू द्या.