दोनशे ब्याऐंशी मीटर

विज्ञानापुढे सगळी माणसं सारखीच, असं मी मानत आलो आहे. जालन्यातल्या फिजिओथेरपी विभागात लकव्यानंतरच्या चालण्यावर आमचं संशोधन चालू होतं आणि पंख्याखाली वडीलधारीच बसली होती. वडीगोद्रीच्या तुळजाबाई वाटूरच्या रहिमाबींना सांगत होत्या.

“काठीबिगर सहा मिनिटं चालायचं. तीनशे मीटर झाले की काठी सुटंल, म्हणल्या चालणं मोजणाऱ्या आकांक्षा मॅडम.”

“काठी सुटली तर काय करता?”

“नातीला कडंवर घेईन. दोन्ही हात लागतेत.”

“बराबर हाय.”

“आठ महिन्यांखाली पाय माझा का दुसऱ्याचा, कळत नव्हतं. आता पायाखालची फरशीबी गार लागून राह्यली. आन् मॅडम माझा फेरा न् फेरा लिहून घेतेत. माझं चालणं आजवर कोणी मोजलं होतं, रहिमाबी?”

“सुभानल्ला. मंग झाले का तीनशे?”

“दोनशे ब्याऐंशीला पोचल्ते. समोरून थोरले दीर डबा घेऊन आले.”

“मंग?”

“डोक्यावर पदर घेतला, भिंतीला लागून उभी राह्यले.”

“घड्याळ चालू असताना?”

“घड्याळ चालू असलं म्हून दीर धाकटे होतेत का?”

“ते निघून गेले असतील ना जल्दी?”

“कुठले. मला बिनकाठीची पाहून त्यांचे डोळे भरून आले. तेबी उभे, मीबी उभी. वेळ संपला.”

“मॅडमला सांगायचं की.”

“सांगितलं ना.”

तक्त्यात थांबण्याची तीनच कारणं छापलेली होती: दम, वेदना, चक्कर. आकांक्षा मॅडमनी ‘दम’वर खूण केली होती.