दार राहू दे

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे विमानतळाचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, टॉवरमधली मंडळी, वैमानिक, बंबवाले, आणि मागच्या रांगेत जेवणाच्या टेबलावर डोळा ठेवून बसलेला माझा मुलगा, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला लिहिता-वाचता येत नाही. हे भाषण मी सांगितलं आणि नातीनं लिहून घेतलं. कागद तिच्याकडे आहे, मी भरकटले की ती खोकणार असं ठरलंय. तिचा खोकला आत्ताच सुरू झालेला दिसतोय, तिकडे लक्ष देऊ नका.

आज माझी सून निवृत्त होतेय. सासूनं सुनेचं कौतुक करायचं, तेही माईकवर आणि वर लिहून ठेवून, म्हणजे उद्या मी तसं म्हणालेच नाही असं म्हणायची सोय नाही. साहेब, हा तुमचा डाव मला कळतो बरं का!

ही लग्न होऊन आली तेव्हा शेजारणीनं विचारलं, "सून काय करते हो?" मी म्हटलं, "उंच खिडकीत बसून विमानांना सांगते, तू थांब, तू ये." ती म्हणाली, "अगंबाई! आणि विमानं ऐकतात?" म्हटलं, "विमानं ऐकतात. नवरा ऐकत नाही."

घरात हिचा आवाज केवढा म्हणून सांगू? त्यातून दारावरून तर विचारूच नका. कुणी दार उघडं टाकून आत आलं की "दार!" एवढंच ओरडते, पण वरच्या मजल्यावरचेसुद्धा आपलं दार तपासून येतात.

तर गोष्ट दाराचीच आहे. एका वर्षी घरच्या माणसांना टॉवर दाखवायचा दिवस होता. याच साहेबांनी मला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि हात जोडून म्हणाले, "आजी, इथं नियम एकच. बोलायचं नाही." लग्न ठरताना माझ्या सासूनंसुद्धा मला एवढी जाचक अट घातली नव्हती! पण बसले. चहूकडे काच, खाली धावपट्टी, सुनेपुढं निवून गेलेला चहा.

तेवढ्यात एक शिकाऊ मुलगी छोटं विमान घेऊन उडाली. पहिल्यांदाच एकटी, शेजारी शिकवणारा नाही. आणि वर जाते न जाते तोच विमानाचं दार उघडलं.

मी खुर्चीतून अर्धी उठले. सून मात्र पुटपुटली, "दार उघडं असलं तरी विमान उडतं. हिनं दाराच्या नादी लागू नये, म्हणजे झालं."

मग सांग की तिला! पण सांगणार कसं? यांच्या रेडिओवर एकानं बटण दाबलं की त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ते बटण असतं विमानाच्या दांड्यावर. पोरीनं घाबरून दांडा असा आवळला होता, की बटण दाबलेलंच राहिलं. तिचा श्वास आम्हाला ऐकू येतोय, वाऱ्याचा घोंगाट ऐकू येतोय, "लागत नाहीये, आई गं, दार लागत नाहीये" हेही ऐकू येतंय. आमचं मात्र तिला अवाक्षर ऐकू जात नाही. आणि दार ओढायला ती वाकली, की विमान त्या अंगाला कलंडतंय.

तुम्ही काय केलं असतंत? मी तर बोंब ठोकली असती. नियम होता म्हणून तोंडावर हात दाबून बसले.

सून शेजारच्याला म्हणाली, "धावपट्टीचे सगळे दिवे लाव." भर दुपारी! साहेब फोनवर बंबवाल्यांना बोलावत होते. हिनं छताला टांगलेला एक दिवा खाली ओढला. बंदुकीसारखा नेम धरून त्याचा झोत सोडायचा. रेडिओ चालेनासा झाला तर दिव्यानं बोलतात. हिरवा म्हणजे ये, उतर. विमान जाईल तिकडे ही दिवा वळवतेय आणि ओठांतल्या ओठांत म्हणतेय, "इकडे बघ गं बाळा. एकदा इकडे बघ."

विमान पुन्हा झुकलं. आता मात्र फारच झुकलं. मग रेडिओवर आलं, "एवढे दिवे कशाला..." आणि लगेच, "हिरवा!"

दिवा दिसला की पंख हलवून कळवायचं, असं त्यांना शिकवलेलं असतं. पंख हलवायला पोरीनं दांड्यावरची पकड बदलली आणि बटणावरचं बोट सुटलं. खोलीत एकदम शांत झालं.

मग सून बोलली. झोपलेल्या लेकराला उठवावं तसा आवाज. इतक्या वर्षांत घरी कधी ऐकला नव्हता.

"दार राहू दे. तू विमान उडव. मी बघतेय."

"खूप आवाज येतोय हो!"

"येऊ दे. माझ्या घरीही फार आवाज असतो. समोर धावपट्टी दिसते?"

"दिसते."

"मग ये."

माझ्या घरीही आवाज असतो म्हणे! तशा वेळीसुद्धा मला टोमणा मारायचं चुकली नाही.

विमान टेकलं, एक उडी मारली, परत टेकलं. दार फडफडत होतं. मी टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल नियमात काही नव्हतं. सून मात्र आभाळात ताटकळलेल्या पुढच्या विमानाला म्हणत होती, "थांबल्याबद्दल आभार, आता तुम्ही या."

संध्याकाळी घरी आली ती बुटांसकट पहिल्याच खुर्चीत बसली. मागं दार सताड उघडं. मी लावायला उठले, तर म्हणाली, "आई, राहू दे दार." मी शेजारी बसले. तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. नातीबाई, खोकू नकोस, हे लिहिलेलं आहे.

ती पोर आज तिसऱ्या रांगेत बसलीय. उभी राहा गं, दिसू दे सगळ्यांना! आता मोठी विमानं उडवते. मघाशी या हॉलमध्ये आली ती दार उघडं टाकूनच. सुनेनं बघितलं आणि अक्षरही काढलं नाही. दुसरं कुणी असतं तर?

साहेबांचा हात वेळ संपल्याच्या घंटेकडे चाललाय, मला दिसतोय. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, फार बरं वाटलं. कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. लिहिण्यात चूक असेल तर नातीला धरा.

सूनबाई, सकाळी म्हणालीस, "आई, माझ्या जागी तुम्हीच बोला, माझा घसा दाटून येईल." बोलले. पण मघापासून बटण मीच दाबून धरलंय, आणि ही सगळी माणसं तुझा आवाज ऐकायला आलीत. हे बघ, सोडलं मी. ये. घसा दाटला तर दाटू दे.

मी बघतेय.