जुळ्यांची पाळी

देव माणसे मोजताना चुकत नाही, आपण चुकतो. गावच्या तलावावर मच्छीमारांची नोंद ठेवणाऱ्या रशीदभाईंचेच पाहा ना. मच्छीमारांच्या पाळीसाठी त्यांनी रुबी या संगणकाच्या भाषेत नावांचा एक संच रचला. घातलेले नाव वयाच्या क्रमाने आपोआप जागी बसे, दुबार आलेले गळून जाई. थोरल्याने आधी जाळे टाकावे, ही गावाची रीत. पाळी नसलेल्याने पाण्यात उतरू नये.

पहाटे तलाव धुक्यात स्वप्नासारखा तरंगत होता. सोमाचे नाव पुकारले गेले. त्याच्या जुळ्या भावाचे, गोमाचे, आलेच नाही.

"मले काऊन नाई घेतलं, भाऊ?" गोमाने विचारले.

रशीदभाई ओशाळले. "यंत्र नाव नाई, जन्मतारीख पाहते. तुमची सारखी, म्हणून त्याले तुम्ही दोघं एकच वाटले."

सोमाने आपले जाळे खाली ठेवले. "आमच्या मायले बी तसंच वाटे. पन ताटं ती दोन वाढे."