शेऱ्याची ओळ

(न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं मैदान. हजार यार्डांचा सांघिक रायफल सामना. नायरी पालथी पडून नेम धरतेय. शेजारी दुर्बिणीला डोळा लावून वारा सांगणारी हेझल आत्या. मागे खुर्चीवर विरुद्ध संघाचा कॅप्टन आयव्हर, मांडीवर नायरीचं गुणपत्रक.)

नायरी : सोडू का आत्या?

हेझल : नको. वारा पडलाय, मधले झेंडे लोंबतायत. खांदा सैल कर, थांब.

आयव्हर : पोरगी घाईची दिसते. बापाच्या वळणावर गेली.

हेझल : आयव्हर, तू गुण लिहायला बसलायस ना? तेवढेच लिही.

आयव्हर : लिहितोय की. नऊ गोळ्या, बेचाळीस गुण. पहिल्या सांघिक सामन्याला वाईट नाही. फक्त आपलं टार्गेट सात नंबरचं, एवढं लक्षात ठेव गं. आठ पलीकडचं. तुमच्या घरात तेवढाच घोळ होतो.

नायरी : लक्षात आहे, मिस्टर लोरीमर.

आयव्हर : लहानपणी आयव्हर काका म्हणायचीस.

नायरी : तेव्हा बाबा या मैदानावर यायचे.

हेझल : बोलू नकोस, छाती हलते. वायव्येचा वारा परत चढतोय, साइट तीन खुणा डावीकडे घेतली मी. तू नुसतं मध्यावर धर. वारा माझा, ट्रिगर तुझा. ... आता.

आयव्हर : खंदकातल्या मार्करनं टार्गेट खाली ओढलं. ... वर आलं, भोकावर चकती लावलीय. पाच. एकूण सत्तेचाळीस. घे, सही कर.

नायरी : आधी वाचते.

आयव्हर : वाच, वाच. तुझ्या बापानं, कॉलिननं, न वाचताच केली होती. ते पत्रक अजून आहे आमच्या मिल क्रीक क्लबच्या हॉलमध्ये. जिंकणाऱ्यानं दोन्ही संघांची पत्रकं भिंतीवर लावायची, ही पद्धत मीच पाडली. परवा एका पाहुण्यानं विचारलं, हा शेवटच्या गोळीला भोपळा कुणाचा? मी म्हटलं, चांगला माणूस होता, टार्गेट चुकला.

नायरी : आता तुमची पाळी ना?

आयव्हर : माझीच. शेवटची. रायफल घेऊन येतो. चहा असेल तर ठेव थोडा, हेझल.

हेझल : गेला. ... सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू.

नायरी : नेम धरताना भूक कळत नाही.

हेझल : चीज रोल खा एक. आणि त्याचं पत्रक लिहायला दुसऱ्या कुणाला तरी बसू दे.

नायरी : मी मागून घेतलंय ते काम. यंदा संघात आले ती त्यासाठीच.

हेझल : नायरी, अकरा वर्षं झाली. तुझा बाबासुद्धा बोलत नाही त्यावर.

नायरी : बाबा कशावरच बोलत नाहीत. विल्फ आजोबांनी काय सांगितलं ते तुला माहीत आहे ना?

हेझल : एकदा सांगितलंयस.

नायरी : त्या दिवशी खंदकात मार्कर म्हणून सात नंबरचं टार्गेट तेच वर-खाली ओढत होते. बाबांची शेवटची गोळी आधीच्या भोकावर लावलेल्या चकतीच्या काठातून गेली. आजोबांच्या लक्षात आलं नाही, म्हणून टार्गेट खाली घेतलं नाही. आणि इथं हा मागे बसून बाबांना म्हणाला, मी दुर्बिणीतून पाहिली, आठवर गेली. बाबांनी टार्गेट तपासायला सांगितलं असतं, तर यानं खोटं सांगितलं असा अर्थ झाला असता. बाबांचा जिवलग मित्र, लग्नात त्यांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस. त्यांनी सही केली.

हेझल : आणि संध्याकाळी चकतीमागे दोन भोकं निघाली.

नायरी : विल्फ आजोबांनी ती त्याच संध्याकाळी याला दाखवली. हा म्हणाला, आता सह्या झाल्या.

हेझल : तुला नक्की करायचंय काय?

नायरी : अजून माहीत नाही. बघत बसणार आहे.

आयव्हर : सरका. वारा सांगायला मला कुणी लागत नाही. हिशेब काय आहे, पोरी?

नायरी : तुमच्या नऊ गोळ्या झाल्यावर सांगते.

आयव्हर : बापापेक्षा तिखट आहेस.

नायरी : पाच. ... पाच. ... चार. ...

हेझल : चांगला मारतोय मेला.

नायरी : पाच. नववी. आमच्या चौघांचे एकशे अठ्ठ्याऐंशी, तुमच्या चौघांचे एकशे चौऱ्याऐंशी. एकच गोळी राहिली. पाच मिळाले तर तुम्ही एका गुणानं जिंकता.

आयव्हर : मग पाचच घेतो. ... हं. गेली. मधोमध आहे ती. ... टार्गेट खाली का जात नाही? नायरी?

नायरी : मी दुर्बिणीतून पाहिली. आठवर गेली.

आयव्हर : काय?

नायरी : गोळीची हवेतली लहर सरळ आठवर गेली, मिस्टर लोरीमर. भोपळा लिहिते.

हेझल : नायरी.

आयव्हर : खोटं आहे हे. सातवरच होती. खंदकात त्या वाऱ्यानं फ्रेमा खडखडतायत, मार्करला ऐकू आली नसेल. टार्गेट तपासायला सांग.

नायरी : सांगते. मिनिटाची मुदत असते. गुण लिहिणाऱ्यानं पाहिलंय म्हटल्यावरही नेमबाज तपासायला लावत असेल, तर शेऱ्याच्या ओळीत कारण लिहून त्याची सही घ्यावी लागते. काय लिहू?

आयव्हर : लिही, चूक झाली असेल.

नायरी : माझी चूक नाही. मी पाहिलंय म्हणतेय. पाहिलंय म्हणणाऱ्यावर तुमचा विश्वास का नाही, ते सांगा. चाळीस सेकंद.

आयव्हर : हेझल, तू पण बघत होतीस. सांग हिला.

हेझल : मी थर्मास बंद करत होते.

नायरी : तीस.

आयव्हर : अगं, पूर्ण सामना अडकलाय यावर. माझ्या संघातली मुलं मागे उभी आहेत.

नायरी : बाबांची पण होती. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, झेंडे गोळा करत होते. वीस.

आयव्हर : ... लिही. पाहिलंय म्हणणारा पाहतोच असं नाही.

नायरी : हे कुणाबद्दल? नाव लागेल.

आयव्हर : माझ्याबद्दल. मी दुर्बिणीत बघतच नव्हतो. त्या वेळी माझी पाळी यायची होती, मी वाऱ्यासाठी झेंडे बघत होतो. कॉलिननं मागे वळून विचारलं, कुठे गेली? मला माहीत नाही म्हणायची लाज वाटली. आठ म्हणालो.

नायरी : आणि संध्याकाळी?

आयव्हर : संध्याकाळी जिंकलेला कप हातात होता.

नायरी : "कॉलिनची गोळी मी पाहिली नव्हती. ती सातवरच होती. आयव्हर लोरीमर." सही इथं. ... हॅलो, खंदक? सात नंबर तपासा. हो, एक गोळी नोंदवायची राहिलीय.

हेझल : गेलं खाली. ... वर आलं. पाच.

नायरी : पाच. एकूण एकशे एकोणनव्वद. अभिनंदन, मिस्टर लोरीमर. तुम्ही जिंकलात.

आयव्हर : ते पत्रक दे इकडे.

नायरी : नाही देता येत. आठही पत्रकं एकदम सेक्रेटरीकडे जातात, तिथून जिंकणाऱ्याच्या भिंतीवर. तुमचीच पद्धत.

हेझल : चहा घेऊन जा, आयव्हर. ठेवला होता तुझ्यासाठी. ... गेला तसाच. नायरी, गोळी कुठे गेली ते तू पाहिलं होतंस?

नायरी : बंदुकीतून सुटल्यापासून. मधोमध गेली.

हेझल : म्हणजे तू खोटं बोललीस. आणि त्यानं कबूल केलं नसतं तर?

नायरी : तर भोपळा राहिला असता. कप आपल्याकडे आला असता, आणि मी त्याच्यासारखी झाले असते.

हेझल : एका गुणानं हरलो आपण. मुलं विचारतील.

नायरी : मी सांगेन त्यांना. सगळं सांगेन. पुढच्या वर्षी घेतलं नाही संघात तरी चालेल.

हेझल : आणि कॉलिनला काय सांगू?

नायरी : शुक्रवारी मिल क्रीकचा हॉल उघडा असतो म्हणावं. खिडकीजवळची भिंत. त्यांच्या पत्रकाशेजारी एक नवीन लागलेलं असेल.